टाकी भरलेलीच असते: सेप्टिक टँक कधी उपसायची आणि का

घरची सेप्टिक टाकी कधी उपसायची असं विचारलं, तर बहुतेक जण सांगतात, "भरली की." अडचण अशी की टाकी वापरात आल्यावर पहिल्या काही दिवसांतच भरते आणि पुढची सगळी वर्षं भरलेलीच राहते. तिने तसंच असायला हवं. झाकण उघडल्यावर पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी टेकलेलं दिसलं, तर टाकी ठणठणीत आहे. घरातून जितकं पाणी आत येतं, तितकंच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. त्यामुळे नुसती पाण्याची पातळी पाहून उपशाची वेळ ठरवता येत नाही. ‘अजून काही ओसंडलं नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा अंदाज तर त्याहून फसवा. ओसंडेपर्यंत वाट पाहिली, तर जे वाचवायचं असतं ते बहुधा आधीच गेलेलं असतं.

ते काय, हे कळायला आधी टाकीच्या आत डोकावू. अर्थात कागदावरच.

संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातलं पाणी पाइपातून जोरात येतं आणि टाकीत शिरल्यावर त्याचा वेग जवळजवळ संपतो. टाकीची करामत एवढीच, की ती पाण्याला थांबवून धरते. थांबलेल्या पाण्यात जड असेल ते तळाशी बसतं, तो गाळ. तेल, तूप, चरबी, साबणाचा फेस, केस असलं हलकं वर येऊन तवंग धरतं. काही वर्षांनी हा तवंग इतका घट्ट होतो की काठीने रेटा दिल्याशिवाय फुटत नाही. या दोन थरांच्या मध्ये राहतं ते त्यातल्या त्यात निवळलेलं पाणी. निवळलेलं म्हणजे स्वच्छ नव्हे. ते गढूळ असतं, त्याला वास येतो आणि त्यात रोगजंतू भरपूर असतात. त्यातला जाड मैला तेवढा निघालेला असतो.

बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने ‘टी’च्या आकाराचा जोड असतो, काही टाक्यांत त्याऐवजी आडोशाची भिंत असते. या ‘टी’चं खालचं तोंड मधल्या थरात बुडालेलं असतं, म्हणून वरचा तवंग बाहेर जात नाही आणि तळचा गाळही उचलला जात नाही. किरकोळ दिसणारा हा तुकडा तुटून पडला, तर बाकी टाकी कितीही भक्कम असली तरी तवंग थेट पुढे जातो. बऱ्याच टाक्यांत मध्ये भिंत घालून दोन कप्पे केलेले असतात. बहुतेक गाळ पहिल्या कप्प्यात बसतो, निसटलेला दुसऱ्यात. हे सगळं नीट घडायचं तर पाण्याला टाकीत किमान २४ तासांचा मुक्काम मिळायला हवा. टाकीचं माप ठरवताना हाच हिशेब धरतात.

तिथून पाणी जातं शोषखड्ड्यात, किंवा जमिनीखाली पसरलेल्या भोकं पाडलेल्या पाइपांमध्ये, आणि मातीत मुरतं. खरं शुद्धीकरण होतं ते इथे. टाकी पाण्यातला सेंद्रिय भार साधारण ३० ते ५० टक्के कमी करते, रोगजंतूंचं मात्र ती फारसं काही बिघडवत नाही. ते काम मातीचं आहे. मातीच्या कणांत जंतू अडकतात, हवा खेळणाऱ्या मातीतले सूक्ष्मजीव त्यांचा आणि उरलेल्या घाणीचा फडशा पाडतात. मातीने हे काम वर्षानुवर्षं करत राहायचं, तर तिच्यापर्यंत जाड मैला पोचता कामा नये, आणि टाकी बांधलेली असते ती त्यासाठी. उपसा टाकीचा करायचा, पण जपायचा असतो शोषखड्डा. एवढं एक सूत्र हाती धरलं की देखभालीतले पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

जिवाणू सगळं खाऊन टाकत नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. १८६० च्या सुमारास फ्रान्समधल्या वेसूल इथल्या झां-लुई मुरास यांनी घराचं सांडपाणी एका बंद दगडी टाकीत सोडलं आणि तिच्यातून ओसंडणारं पाणी पुढे नेलं. सुमारे १२ वर्षांनी ती टाकी उघडली, तेव्हा ती मैल्याने गच्च भरलेली असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात घन पदार्थ फारच थोडा निघाला. पुढे आबे मुआन्यो या विज्ञानप्रेमी धर्मगुरूंच्या साथीने मुरास यांनी १८८१ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सिटर शहरात डोनल्ड कॅमरन यांनी शहराच्या सांडपाण्यासाठी अशीच टाकी बांधली आणि पुढे ही पद्धत जगभर गेली. टाकी स्वतःच मैला पचवते, तिच्याकडे बघायची गरज नाही, हा समज इतका चिवट का आहे, याचं थोडं उत्तर तिच्या जन्मकथेतच आहे.

समज अर्धा खरा आहे. टाकीत प्राणवायू नसतो आणि त्याशिवाय जगणारे जिवाणू मैल्यातला मोठा हिस्सा पचवून त्याचा वायू आणि पाण्यात विरघळणारे पदार्थ करतात. वायूत मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड, आणि सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. ऊब असली की हे पचन झपाट्याने चालतं, कडक थंडीत ते मंदावतं आणि गाळ भराभर साठतो. पण जिवाणूंना पचत नाही असंही पुष्कळ असतं: वाळू, माती, केस, वनस्पतींचे चिवट तंतू, कपड्यांतून निघालेले कृत्रिम धागे, प्लॅस्टिक आणि खुद्द मेलेल्या जिवाणूंचे अवशेष. हा न पचलेला भाग दरवर्षी थोडा थोडा तळाशी साठत जातो. तो माणसानेच काढायचा असतो, दुसरी वाट नाही.

किती वर्षांनी?

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरगुती टाकी साधारण दर ३ ते ५ वर्षांनी उपसावी असं सांगते, आणि ३ वर्षांतून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्यावी असंही. सुरुवातीला हा आकडा ठीक आहे. पण मोठ्या टाकीवर दोघंच राहत असतील आणि लहान टाकीवर आठ जण, तर दोघांना एकच वेळापत्रक कसं लागू पडेल? त्यापेक्षा आपल्या घरापुरता हिशेब मांडावा. तो अवघड नाही.

टाकीचं माप ठरवताना गाळासाठी दर माणशी दरवर्षी २५ ते ४० लिटर जागा धरायचा प्रघात आहे. फक्त संडासाचं पाणी येत असेल तर २५, न्हाणीघर-स्वयंपाकघराचंही येत असेल तर ४०. आता २,००० लिटरची टाकी घ्या आणि घरात पाच माणसं. वर्षाला २०० लिटर गाळ. एक तृतीयांश जागा गाळाने व्यापली की उपसायचं, असं ठरवलं तर सुमारे ६७० लिटर साठायला तीन वर्षं आणि वर काही महिने लागतात. त्याच टाकीवर आठ माणसं असली तर दोन वर्षांतच ती वेळ येते. दोनच माणसं असली तर आठ वर्षं लागतात.

आता हेच पाच जणांचं घर उपसा टाळत राहिलं, तर काय होतं पाहा. माणशी रोज १२० लिटर पाणी धरलं, तर टाकीत रोज ६०० लिटर येतं. टाकी साफ असताना पाण्याला तीन दिवसांहून जास्त थांबायला मिळतं. साडेसात वर्षांत गाळ आणि तवंग मिळून १,५०० लिटर जागा खातात. उरतात ५०० लिटर. म्हणजे पाण्याचा मुक्काम एका दिवसाहूनही कमी. आणि हे झालं सरासरीचं. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी, संडास आणि कपडे धुणं एकाच वेळी चालू असतं, तेव्हा आत आलेलं पाणी तास-दोन तासांतच पलीकडे ढकललं जातं. त्याला निवळायला उसंत मिळत नाही. ते गाळ ढवळतं आणि सोबत घेऊन जातं.

घरात मात्र यातलं काहीच दिसत नाही. फ्लश नेहमीसारखा चालतो, मोरीतलं पाणी नेहमीसारखं जातं. गाळ वाहून जातोय तो शोषखड्ड्याकडे आणि तिथल्या मातीच्या तोंडावर काळा, चिकट थर धरतोय. असा थोडा थर चांगल्या शोषखड्ड्यातही असतो आणि गाळणीच्या कामाला तो उपयोगी पडतो. पण घाणीचा पुरवठा वाढला की तो जाड होतो, मातीची छिद्रं बंद होतात आणि पाणी मुरायचं थांबतं. मग एखाद्या दिवशी खालच्या मजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं आणि ‘टाकी अचानक तुंबली’ म्हणून धावाधाव होते. टँकर येतो, टाकी रिकामी करतो आणि चार दिवस सगळं छान चालतं. कारण टाकी पुन्हा भरायला तेवढेच दिवस लागतात. भरली की पाणी परत उलटं. मातीची छिद्रं बुजली असतील, तर टाकी कितीदाही उपसली तरी ती उघडत नाहीत. अशा वेळी नवा शोषखड्डा खणावा लागतो, त्यासाठी जागा लागते आणि खर्च होतो तो कित्येक उपशांच्या एकत्र खर्चाहून मोठा.

तुंबलंय नेमकं कुठे, याचा ढोबळ अंदाज घरबसल्या घेता येतो. एकाच बेसिनचं किंवा मोरीचं पाणी हळू जात असेल, तर दोष बहुधा तिथल्याच पाइपात आहे. टँकर बोलावण्याआधी तो मोकळा करून बघावा. घरभर सगळीकडेच पाणी रेंगाळत असेल, पाइपांतून गुडगुड आवाज येत असेल, सगळ्यात खालच्या जागी आधी पाणी वर येत असेल, तर टाकीकडे किंवा तिच्या पुढे बघा. शोषखड्ड्यावरची जमीन कोरड्या दिवसांतही ओली राहणं आणि तेवढ्याच पट्ट्यात गवत हिरवंगार माजणं, ही खूण सगळ्यांत बोलकी. ती बघून खूश होणारे लोकही असतात.

अंदाजापेक्षा मोजणं बरं

हिशेबाने ठरलेली मुदत शेवटी ढोबळच असते. घरातली माणसं कमी-जास्त होतात, कुणी तेल मोरीत ओततं, कुणी नाही. म्हणून गाळ मोजावा. उपसा करणारे किंवा प्लंबर हे करून देतात. स्वतः करायचं तर टाकीवर न वाकता, बाजूला उभं राहून, हातमोजे घालून आणि जवळ दुसरं कुणी असताना करावं. विडी, सिगारेट, काडेपेटी यांना तिथे पूर्ण मज्जाव.

पद्धत साधी आहे. टाकीच्या तळापर्यंत पोचेल अशा लांब काठीच्या खालच्या भागाला पांढरं, खरबरीत कापड घट्ट गुंडाळायचं. तवंगात भोक पाडून काठी तळाला टेकेपर्यंत सरळ सोडायची, काही मिनिटं तशीच धरायची आणि सावकाश वर काढायची. गाळ जिथवर आहे तिथवर कापड काळं होतं आणि कण चिकटून बसतात. तवंगासाठी खाली आडवी पट्टी ठोकलेली दुसरी काठी तवंगाच्या खाली घालून हळूहळू वर ओढायची. पट्टी जिथे अडते ती तवंगाची खालची बाजू.

आता हे मापन आउटलेटच्या ‘टी’च्या खालच्या तोंडाशी ताडून बघायचं. तवंगाची खालची बाजू आणि ‘टी’चं तोंड यांत १५ सेंटीमीटरहून कमी अंतर उरलं असेल, किंवा गाळाचा माथा आणि ते तोंड यांत ३० सेंटीमीटरहून कमी, तर उपसायची वेळ झाली. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त झाले असतील तरीही झाली. हे निकषही त्याच अमेरिकन संस्थेचे आहेत. वर मी एक तृतीयांश धरलं होतं. चौथा हिस्सा त्याहून सावध. टाकी लहान किंवा घरात माणसं जास्त असतील तर सावध निकषच पाळावा.

मोजताना पाण्याची पातळीही बघून घ्यावी, कारण उपशाची वेळ नसली तरी दुखणं कुठे आहे ते ती सांगते. पाणी आउटलेटच्या तळापेक्षा खाली असेल, तर टाकी कुठेतरी झिरपते आहे. आउटलेटपेक्षा वर चढलं असेल, तर पुढची वाट तुंबली आहे.

एक गोष्ट आधीच तपासा: तुमच्याकडे आहे ती सेप्टिक टाकीच आहे ना? काही घरांत बाहेर जाणारी वाटच नसलेली नुसती साठवण टाकी असते. ती खरोखर भरते आणि वारंवार रिकामी करावी लागते. काही ठिकाणी तळ न बांधलेला खड्डा असतो, त्यात तीन थर वगैरे भानगड नसते. या लेखातला हिशेब त्या दोहोंना लागू नाही.

उपशाच्या दिवशी

व्हॅक्यूम पंप बसवलेला टँकर येतो, जाड पाइप टाकीत सोडतो आणि आतला माल खेचून घेतो. लवकर काम उरकायची घाई असेल तर वरचं पातळ पाणी तेवढं ओढलं जातं आणि दाट गाळ तळाशीच राहतो. पैसे पूर्ण, काम अर्धं. याला पूर्ण उपसा म्हणता येत नाही, कारण काढायला आलो होतो तो गाळच. चांगला कामगार आधी तवंग फोडतो, मग थोडं पाणी पुन्हा जोराने टाकीत सोडून गाळ ढवळतो आणि तो पातळ झाला की ओढून घेतो. दोन कप्पे असतील तर दोन्ही उपसायचे. काम मोठ्या झाकणातून करायचं. तपासणीच्या बारीक पाइपातून पंपाचं तोंड सोडलं तर कोपऱ्यांतला गाळ निघत नाही आणि ‘टी’ तुटायची भीती असते. फार वर्षं न उपसलेल्या टाकीत तळाचा गाळ मातीसारखा घट्ट झालेला असतो आणि पंपाला तो दाद देत नाही. दिरंगाईची ही आणखी एक किंमत.

टाकी रिकामी होत असताना शोषखड्ड्याच्या पाइपाकडे लक्ष ठेवा. तिथून पाणी उलटं टाकीत धो धो येऊ लागलं, तर पलीकडची माती पाणी घेत नाही, हे तिथल्या तिथे कळतं. रिकामी टाकी बॅटरीच्या उजेडात वरूनच तपासावी: भिंतींना भेगा, गंजलेलं लोखंड, तुटलेला ‘टी’. आउटलेटला गाळणी असेल तर ती याच वेळी धुऊन घ्यावी. एरवीही तिला अधूनमधून साफ करावं लागतं.

तळाशी थोडा गाळ ‘विरजण’ म्हणून ठेवावा का, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. काही जण थोडा ठेवायला सांगतात. पण ज्या जिवाणूंची गरज आहे ते प्रत्येक फ्लशबरोबर आत येतच असतात, त्यामुळे नाही ठेवला तरी बिघडत नाही असं मला वाटतं. आणि पंपाने कितीही ओढलं तरी थोडासा मागे राहतोच. टाकी घासून, धुऊन, जंतुनाशक टाकून चकाचक करायची मात्र गरज नाही.

रिकामी टाकी तशीच ठेवू नये. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल, तर सभोवतालचं पाणी तिला खालून वर रेटतं. प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या हलक्या टाक्या अशा वेळी अक्षरशः जमिनीतून वर उचलल्या जातात आणि पाइपांचे सांधे निखळतात. म्हणून ऐन पावसाळ्यात, जमीन पाण्याने डबडबलेली असताना उपसा टाळावा आणि एरवीही उपसा झाल्यावर टाकीत लगेच पाणी सोडावं.

आत कुणीही उतरायचं नाही

उतरायचं नाही म्हणजे अजिबात नाही. टाकी रिकामी झाली असली तरी नाही, झाकण सकाळपासून उघडं असलं तरी नाही, पडलेली वस्तू काढायलाही नाही.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. झाकण उघडं ठेवलं तरी तो तळाशी बसून राहतो. त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत १०० च्या आसपास गेलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास येईनासा झाला, हे टाकी सुरक्षित असल्याचं चिन्ह नाही. उलटही असू शकतं. प्रमाण आणखी वाढलं की माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो. गाळ शांत असताना त्यात कोंडलेला वायू ढवळताच एकदम सुटतो, त्यामुळे उतरताना धोका नव्हता आणि पाय पडल्यावर झाला, असंही घडतं. त्यात टाकीत प्राणवायू कमी असतो. आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळलेला असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो.

अशा अपघातांत पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट म्हणजे एकामागून एक जाणारे बळी. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तोंडाला रुमाल बांधल्याने वायू अडत नाही. कुणी आत पडलंच, तर वर थांबून अग्निशमन दलाला बोलवायचं. श्वासाची उपकरणं असलेले प्रशिक्षित लोकच तिथे उतरू शकतात. ‘माणूस उतरवून साफ करून देतो, स्वस्तात’ असं कुणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. यंत्राने निघत नसेल असा गाळ पाणी मारून पातळ करायचा आणि पुन्हा यंत्रानेच काढायचा.

झाकण नीट बसलेलं, जड आणि न हलणारं असावं. तुटकं झाकण बदलायला पुढच्या उपशाची वाट पाहू नका. लहान मुलं त्यावर नाचतात.

दोन उपशांच्या मधला काळ

टाकीत काय जातं यावर दोन उपशांमधलं अंतर लांबतं किंवा आखडतं. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, डायपर, निरोध, कापूस हे कमोडमध्ये जाता कामा नये. पाकिटावर ‘फ्लश करण्याजोगे’ असं छापलेले टिश्यूही टाकीत वर्षानुवर्षं तसेच राहतात. वापरलेलं तेल मोरीत ओतलं की ते तवंग होऊन परत भेटतं. रंग, थिनर, कीटकनाशक, उरलेली औषधं यांनी जिवाणू मरतात. नेहमीच्या सफाईतल्या फिनाइल-ब्लीचचं थोडं प्रमाण टाकी सोसते, बाटलीच्या बाटली ओतली तर नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा दळून मोरीत सोडणारं यंत्र घरी असेल, तर गाळ बराच लवकर साठेल, हे धरून चाला.

पाण्याकडे मात्र लोकांचं लक्ष सहसा जात नाही. गळका फ्लश आवाज न करता दिवसाला शेकडो लिटर पाणी टाकीत सोडू शकतो. ते पाणी स्वच्छच असतं, पण टाकीतल्या घाणीला पुढे ढकलतं. छपराचं किंवा अंगणाचं पावसाचं पाणी टाकीत वळवलं असेल तर तेही तेच करतं, एका जोरदार सरीत. आठवड्याचे कपडे एकाच दिवशी धुण्यापेक्षा विभागून धुतले तर टाकीला तेवढीच उसंत. शोषखड्ड्यावर गाडी उभी करू नये, बांधकाम करू नये आणि मोठ्या मुळांची झाडं त्याच्यापासून लांब लावावीत. भोकं असलेल्या पाइपात ओल शोधत मुळं हमखास शिरतात.

आणि ती ‘जिवाणूंची पावडर’? ती टाकली की उपसायची गरज उरत नाही, अशी जाहिरात केली जाते. मला ती पटत नाही. जिवाणूंचा तुटवडा बहुतेक टाक्यांत नसतोच, आणि न पचणारी वाळू किंवा धागे कोणत्याही पावडरने पचत नाहीत. काही द्रव्यं गाळ मोडून त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवतात. टाकी रिकामी दिसते, पण कण शोषखड्ड्यात जाऊन बसतात. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिकसारखी रसायनं तर टाकीच्या जिवावरच उठतात.

उपसलेला माल कुठे जातो?

हा प्रश्न घरमालकाने विचारायचाच असतो. टाकीतून निघणारा मैला साध्या सांडपाण्यापेक्षा कित्येक पटींनी दाट असतो आणि त्यातली जंतांची अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. तो ओढ्यात, नाल्यात किंवा मोकळ्या रानात ओतला तर टाकी बांधण्याचा सगळा उद्देशच वाया जातो. फक्त घाण आपल्या अंगणातून दुसऱ्याच्या विहिरीकडे जाते. टँकर त्याला मैला प्रक्रिया केंद्रात किंवा असा मैला स्वीकारणाऱ्या सांडपाणी केंद्रात घेऊन जायला हवा. तिथे आधी पाणी आणि घन भाग वेगळे करतात, घन भाग वाळवणीच्या वाफ्यांत किंवा यंत्राने कोरडा करतात आणि पुढे त्याचं कंपोस्ट करतात किंवा त्याची सुरक्षित विल्हेवाट लावतात. वाळवलेला मैला न कुजवता थेट भाजीपाल्याच्या शेतात टाकणं धोक्याचं आहे. टँकर ठरवतानाच तो कुठे रिकामा करणार ते विचारा आणि तिथली पावती मागा. पावतीवर तारीख असतेच. तिच्यामागे त्या दिवशी मोजलेली गाळाची आणि तवंगाची जाडी आणि घरात तेव्हा किती माणसं होती ते लिहून ठेवलं, की पुढच्या वेळी ३ ते ५ वर्षांच्या ढोबळ आकड्याऐवजी तुमच्या स्वतःच्या टाकीचा आकडा तुमच्याकडे असेल.